शिट्टी वाजली की थांबा : मैदानावरचे आरोग्य



आरोग्याच्या या पानावर आपण एरवी मधुमेह, रक्तदाब, क्षयरोगाच्या गोळ्या, बाळंतिणीचा आहार अशा विषयांवर बोलतो. या वेळचा विषय आहे फुटबॉल आणि कबड्डी. क्रीडापानावरचा विषय इथे कशाला, असे काहींना वाटेल. पण भातकापणी झाली की धरमतर खाडीच्या दोन्ही अंगांना, पेणपासून रोह्यापर्यंत वस्त्यावस्त्यांत सामने सुरू होतात. रिकाम्या शेतात चुन्याच्या रेघा पडतात, ट्यूब लाइट लागतात, भोंगा लागतो. एप्रिलमध्ये भीमजयंतीचे चषक असतात. पावसाळ्यात पोरे चिखलात फुटबॉल खेळतात. आणि दर मोसमात कोणाचा तरी गुडघा जातो, कोणाचा घोटा सुजतो, कोणाच्या डोक्याला मार बसतो. त्या घरात मग महिना-दोन महिने मजुरी येत नाही. म्हणून हा विषय आरोग्याचा आहे, आणि पोटाचाही आहे.

आपली मुले मोठ्या खेळाडूंचे सामने मोबाईलवर बघतात. ते पंचाशी कसे हुज्जत घालतात हे त्यांना पाठ असते. जखमी झाल्यावर त्यांना कसे जपले जाते, मैदानाच्या कडेला कोण उभे असते, नियम कशासाठी केलेले असतात, हे मात्र पडद्यावर फारसे दिसत नाही. आज आम्ही तेच सांगणार आहोत. सांगण्याचा मुद्दा एकच आहे : पंचाची शिट्टी हा मैदानावरचा पहिला औषधोपचार आहे.

बेंगळुरू, ५ डिसेंबर २००४

महापरिनिर्वाण दिनाच्या आदल्या दिवशी बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपचा अंतिम सामना होता. एका बाजूला गोव्याचा डेम्पो क्लब, दुसऱ्या बाजूला कोलकात्याचा मोहन बागान. डेम्पोकडून ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर खेळत होता. वय अवघे २५. त्या दिवशी डेम्पोचे दोन्ही गोल त्यानेच केले. दुसरा गोल करताना त्याची आणि मोहन बागानचा गोलरक्षक सुब्रत पाल याची जोरदार धडक झाली. ज्युनियर मैदानावर कोसळला तो पुन्हा उठला नाही. सोबत्यांनी त्याला शुद्धीवर आणण्याची धडपड केली. त्याला रुग्णालयात नेले, तिथे तो मृत घोषित झाला. डेम्पोने कप जिंकला, पण जिंकून देणारा राहिला नाही.

पुढे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने गोलरक्षकावर दोन महिन्यांची बंदी घातली. मैदानावरच्या वैद्यकीय सोयीबद्दल देशभर प्रश्न विचारले गेले. धडक मुद्दाम होती की खेळाच्या ओघात झाली, यावर पुष्कळ वाद झाला. आरोग्याच्या पानावर आम्हाला त्या वादापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. चूक कोणाची हे नंतर ठरवता येते, बंदी आणि दंडही नंतर देता येतो. हृदय बंद पडलेल्या माणसाला मात्र 'नंतर' नसते. त्याच्याजवळ काही मिनिटेच असतात.

कोपनहेगन, १२ जून २०२१

आता दुसरा सामना पाहा. युरो स्पर्धेत डेन्मार्क आणि फिनलंड खेळत होते. पहिला डाव संपत आलेला असताना डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन चालता चालता पुढे झुकला आणि कोसळला. कोणाचा धक्का नाही, धडक नाही. पंच अँथनी टेलर यांनी क्षणात खेळ थांबवला आणि हात करून डॉक्टरांना आत बोलावले. डेन्मार्कचा कप्तान सिमोन केअर धावत त्याच्याजवळ पोचला. डॉक्टरांनी छाती दाबायला सुरुवात केली, मग यंत्राने विजेचा झटका दिला. एरिक्सनचे हृदय पुन्हा चालू झाले. त्याच्या छातीत पुढे एक छोटे यंत्र बसवले गेले आणि २०२२ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळायला उतरला.

ज्युनियरला असेच उपचार मिळाले असते तर तो वाचलाच असता, असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. प्रत्येक शरीर वेगळे, प्रत्येक मार वेगळा. पण एवढे नक्की, की एरिक्सन वाचला तो एका साखळीमुळे : पंचाने लगेच थांबवले, जवळच्यांनी लगेच ओळखले, लगेच छाती दाबली गेली आणि यंत्र हाताशी होते. या साखळीतल्या पहिल्या तीन कड्यांना पैसे लागत नाहीत. त्या वस्तीतल्या मैदानावरही तयार करता येतात.

खेळाडू कोसळला तर

वडखळ नाक्यावर शनिवार-रविवारी गाड्यांची रांग कशी लागते, हे आपल्याला माहीत आहे. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे, पण ती रस्त्यानेच येणार. ती येईपर्यंतचा वेळ आपल्या हातात असतो. हृदय बंद पडल्यावर छाती दाबली नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. म्हणून हे घरातल्या प्रत्येकाने शिकावे.

खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, असे दिसले की एकाने १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्याने छाती दाबायला बसायचे. अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास येत असेल, तर तो श्वास धरू नका. पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखी ती तडफड असते.

रुग्णाला कडक जमिनीवर उताणे ठेवा. छातीच्या मधोमध एका तळहाताची टाच ठेवा, त्यावर दुसरा हात. कोपरे ताठ ठेवून अंगाचा भार टाकून दाबा. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दमलात की दुसऱ्याला बसवा, पण थांबू नका. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नुसती छाती दाबत राहा, तेही पुष्कळ आहे.

तोंडात पाणी ओतू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. भोवती गर्दी करू नका. रुग्ण बेशुद्ध आहे पण श्वास नीट चालू आहे, आणि मान-पाठीला मार लागल्याचा संशय नाही, तर त्याला एका कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही.

मानेला किंवा पाठीला मार लागला असेल, हातपायांना मुंग्या येत असतील, हलवता येत नसतील, तर त्याला चार जणांनी उचलून कडेला नेऊ नका. डोके आणि मान आहे तशी धरून ठेवा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहा. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये मिझोरामच्या लीगमध्ये पीटर बियाक्सांगझुआला या २३ वर्षांच्या खेळाडूने गोल केल्याच्या आनंदात कोलांटी मारली. तो मानेवर पडला, मणक्याला मार बसला आणि पाच दिवसांनी तो गेला. आपली मुलेही मोबाईलवर पाहून अशा कोलांट्या मारतात. त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

नियम माणसाच्या हाडांवरून आले आहेत

पिवळे आणि लाल कार्ड मैदानावर पहिल्यांदा आले ते १९७० च्या मेक्सिकोच्या विश्वचषकात. भाषा कोणतीही असो, इशारा सगळ्यांना कळावा म्हणून. हॉलंडचा मार्को व्हॅन बास्टन हा जगातल्या सर्वोत्तम आघाडीवीरांपैकी एक. त्याचा घोटा पुन्हा पुन्हा दुखावला, शस्त्रक्रिया झाल्या. १९९३ च्या मे महिन्यात तो शेवटचा सामना खेळला तेव्हा २८ वर्षांचा होता. १९९५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. अशा अनेक घोट्यांची किंमत मोजून झाल्यावर १९९८ मध्ये फुटबॉलच्या नियमात स्पष्ट आले, की समोरच्याच्या जिवाला धोका होईल अशी मागून घातलेली धाड म्हणजे थेट लाल कार्ड.

नियमांचे पुस्तक या नजरेने वाचले तर त्यातले निम्मे आरोग्याचे पुस्तक वाटते. नडगीला संरक्षक पट्टी सक्तीची आहे. अंगठी, कडे, साखळी घालून खेळता येत नाही, वर चिकटपट्टी लावूनही नाही. खेळाडू गंभीर जखमी झाला तर पंचाने खेळ थांबवलाच पाहिजे. डोक्याला मार बसलेल्याच्या जागी जादा बदली खेळाडू देण्याची तरतूद २०२४ च्या जुलैपासून नियमांत कायमची आली आहे. पूर्वी मारामुळे भोवळ आलेला खेळाडू 'मी ठीक आहे' म्हणत पुन्हा उतरायचा, कारण तो बाहेर गेला तर संघाची एक बदली खर्ची पडायची.

आपल्याकडे पंच कोण असतो? बहुतेक वेळा गावातलाच एखादा माजी खेळाडू. मानधन नाही, बसायला खुर्ची नाही, आणि निर्णय आवडला नाही तर दोन्ही बाजूंच्या शिव्या. मग तो जोखमीची धाड पाहूनही शिट्टी वाजवायला कचरतो. पुढच्या पाच मिनिटांत दुसरी बाजू उट्टे काढते आणि पाय मोडतो तो तिसऱ्याच मुलाचा. पंचाला दम देणारा संघ आपल्याच खेळाडूंचे संरक्षण काढून घेत असतो.

वाद आणि दंड

पंचाकडून चूक होत नाही, असे आम्ही म्हणत नाही. होते. प्रश्न आहे तो चूक झाल्यावर काय करायचे याचा.

३ मार्च २०२३ रोजी त्याच कांतीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगमध्ये बेंगळुरू आणि केरला ब्लास्टर्स यांचा बाद फेरीचा सामना होता. जादा वेळेत बेंगळुरूला फ्री किक मिळाली. केरळचे खेळाडू भिंत उभी करायच्या आतच सुनील छेत्रीने किक मारली आणि गोल झाला. पंचाने गोल मान्य केला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघाला मैदानाबाहेर बोलावले आणि संघ परत आलाच नाही. महिना संपायच्या आत महासंघाच्या शिस्तपालन समितीने केरला ब्लास्टर्सला ४ कोटी रुपये दंड केला. प्रशिक्षकावर १० सामन्यांची बंदी आणि ५ लाख रुपये दंड. गोल बरोबर होता की नाही, यावर लोक अजून वाद घालतात. पण दंड झाला तो मैदान सोडल्याबद्दल.

कबड्डी तर आपल्या रायगडची जीव की प्राण. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांच्या अंतिम सामन्यात गुण २८-२८ असे बरोबरीत होते, शेवटचे मिनिट उरले होते. पवन सेहरावतच्या एका चढाईवरून कोणता नियम लावायचा यावर वाद पेटला. खेळाडू मॅटवर बसून राहिले. सामना सुमारे तासभर थांबला. निर्णय बदलले, पुन्हा बदलले. शेवटी खेळ झाला आणि भारताने ३३-२९ ने सुवर्णपदक घेतले. तासभर दोन्ही देशांचे खेळाडू तापलेले होते, तरी तंटा टेबलावर मांडला गेला.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते, की संविधानाचा मार्ग खुला असताना दुसऱ्या मार्गांना जागा नाही. मैदान हे त्याचे छोटे रूप आहे. निर्णय पटला नाही तर कप्तानाने बोलावे, बाकीच्यांनी मागे थांबावे, सामना संपल्यावर आयोजकांकडे लेखी तक्रार द्यावी. आपण बाबासाहेबांच्या नावाचा चषक ठेवतो, त्यांच्या प्रतिमेला हार घालून सामना सुरू करतो. त्याच मैदानावर दगड उचलला गेला, तर त्या हाराला काय अर्थ राहिला?

गुडघ्याचा हिशोब

आता आपल्या घरातल्या दुखण्याकडे येऊ. प्रो कबड्डीच्या नवव्या मोसमात तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाख रुपयांना घेतले. ऑक्टोबर २०२२ मध्ये मोसमातल्या पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो अख्खा मोसम बाहेर बसला. पुढच्या वर्षी हांगझोऊत तोच भारताचा कप्तान होता. फुटबॉलमध्ये भारताचा बचावपटू संदेश झिंगन ऑक्टोबर २०१९ मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटल्याने तोही मोसम पूर्ण मुकला, मग परतून देशासाठी खेळला.

दोघांनाही परत येता आले, कारण त्यांनी वेळ दिला. शस्त्रक्रिया, मग व्यायाम, मग हळूहळू धावणे. अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण ९ महिने तरी लागतात. मागे संघ होता, डॉक्टर होता, फिजिओ होता.

आपला मुलगा डोलवीला, नागोठण्याला किंवा धाटावला कंत्राटी कामावर जातो. रविवारी गुडघा दुखावला तरी सोमवारी पाळीवर हजर राहावे लागते, नाहीतर खाडा. मग तेल चोळून, पट्टा बांधून, गोळी घेऊन तो उभा राहतो. तुटलेल्या अस्थिबंधावर असा दोन-तीन वर्षे भार पडला की गुडघ्यातली गादी फाटते आणि तिशीतच म्हाताऱ्याचा गुडघा होतो. व्यावसायिक खेळाडूएवढा पैसा आपल्याकडे नाही, हे खरेच. पण काही गोष्टी विनापैशाच्या आहेत, आणि काही आपल्या हक्काच्या आहेत.

ओळखायचे कसे : वळताना गुडघ्यात 'कट' असा आवाज आला, दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजला, नंतर चालताना तो लचकून निसटतो असे वाटले, तर अस्थिबंध तुटल्याचा संशय घ्यावा. सूज उतरली म्हणजे बरे झाले, असे नसते. गुडघा अडकून सरळच होत नसेल तर गादी फाटलेली असू शकते. घोटा मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर बोट ठेवताच कळ येत असेल, तर एक्स-रे हवाच.

पहिले दोन-तीन दिवस : खेळ थांबवा. बर्फ फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटे ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ मासळीवाल्या मावशीकडेही मिळतो. लवचिक पट्टी बांधा, पण बोटे काळीनिळी पडतील इतकी घट्ट नको. पाय उशीवर उंच ठेवा. या दिवसांत चोळणे नाही, गरम शेक नाही, दारू तर नाहीच. या तिन्हींनी सूज वाढते.

हाडवैद्याबद्दल : अनेक घरांत पहिला विचार त्याचाच येतो, हे आम्हाला ठाऊक आहे. मोडलेल्या हाडावर बांबूच्या पट्ट्या करकचून बांधल्या, की आतला रक्तपुरवठा तुटू शकतो आणि हातपाय कापण्याची वेळ येऊ शकते. पट्टीखाली असह्य कळा, बधिरपणा, बोटे थंड पडणे, असे झाले तर पट्टी ताबडतोब सोडा आणि रुग्णालय गाठा. पेण आणि रोह्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. आधी एक्स-रे, मग बाकीचे.

सुई मारून उतरवणे : अंतिम सामन्यासाठी जखमी खेळाडूला वेदनाशामक इंजेक्शन देऊन उतरवले जाते. वेदना म्हणजे शरीराची शिट्टी. ती बंद केली की आतले तुटणे कळत नाही. आणि उन्हात, पाणी कमी पोटात असताना अशी औषधे वारंवार घेतली, तर मूत्रपिंडाला इजा होते.

हक्काचे : ज्यांच्या पगारातून ई.एस.आय.ची रक्कम कापली जाते, त्यांना कामाबाहेरच्या दुखापतीवरही उपचार मिळतात. हप्त्यांची अट पूर्ण असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. त्यासाठी ई.एस.आय. डॉक्टरचा दाखला लागतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना त्याच काळात त्याच खात्यात आकाराला आली आणि १९४८ मध्ये तिचा कायदा झाला. आपल्याच माणसाने रुजवलेले झाड आहे, सावलीला जायला संकोच कशाला? पगाराच्या चिठ्ठीवर ई.एस.आय.चा क्रमांक आहे का, आजच पाहा. ज्यांना ई.एस.आय. नाही, त्यांनी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. कोणती शस्त्रक्रिया योजनेत बसते, ते तो सांगतो. योजना असताना कोणी सावकाराकडे जाऊ नये.

डोक्याचा मार

डोक्याला मार बसून खेळाडू गोंधळला, तोच तोच प्रश्न विचारू लागला, भोवळ आली, डोके दुखू लागले, तर त्या दिवशी तो परत खेळणार नाही. यात तडजोड नाही. त्याला एक-दोन दिवस एकटे सोडू नये. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झोपेतून न उठणे, झटके, एक बाहुली लहान-एक मोठी, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यातले एक जरी दिसले तरी थेट रुग्णालय. रात्र असली तरी.

मुली आणि चिखल

आता आपल्या मुलीही मैदानात उतरतात, याचा आम्हाला आनंद आहे. मुलींमध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा दुपटीहून जास्त आढळते. म्हणून त्यांना घरी बसवणे हा उपाय नाही. खेळाआधी अंग तापवणे आणि मांड्यांचा व्यायाम हा उपाय आहे. फुटबॉलसाठी 'फिफा ११ प्लस' नावाचा २० मिनिटांचा व्यायामक्रम आहे : हळू धावणे, एका पायावर तोल, उठाबशा, उडी मारून गुडघे वाकवून अलगद उतरणे. तो आठवड्यातून दोनदा नेमाने केला तर दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, असे अभ्यास सांगतात. याला साहित्य लागत नाही.

पावसाळ्यात चिखलात खेळताना खरचटलेल्या जागेतून लेप्टोचे जंतू शिरतात. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून ते येतात. जखम असेल तर चिखलात उतरू नका. खेळून झाल्यावर साबणाने पाय धुवा. चार-पाच दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे झाले तर डॉक्टरांना चिखलात खेळल्याचे आवर्जून सांगा. आणि धनुर्वाताच्या लसीची तारीख घरात लिहून ठेवा.

मंडळांसाठी

या मोसमात स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येक मंडळाने ठराव करून एवढे करावे :

१. मैदान खेळाआधी चालून पाहावे. भाताची खुंटे, भेगा, काच, दगड काढावेत.
२. पंचाला मानधन, पाणी आणि संरक्षण द्यावे. त्याच्या अंगावर जाणारा खेळाडू स्पर्धेतून बाद.
३. तक्रार फक्त कप्तान करील, तीही लेखी. तीन जणांची समिती त्याच दिवशी निकाल देईल.
४. दंडाची रक्कम वेगळ्या डब्यात ठेवावी आणि ती जखमींच्या उपचारालाच वापरावी.
५. बर्फ, लवचिक पट्टी, स्वच्छ कापड, साबण, पाणी आणि स्ट्रेचरसाठी फळी मैदानाच्या कडेला असावी.
६. एक वाहन चालकासह तयार ठेवावे. मैदानापर्यंतची वाट मोकळी असावी.
७. छाती दाबायला शिकलेले किमान चार जण प्रत्येक सामन्याला हजर असावेत. प्राथमिक आरोग्य केंद्राला विनंती करून विहारात शिबिर घ्यावे, आयाबहिणींनाही बसवावे.
८. अंगठी, कडे, साखळी काढल्याशिवाय कोणी उतरू नये. गळ्यातले निळे लॉकेटही खेळापुरते आईजवळ द्यावे.

शेवटी एक गोष्ट. पोटाच्या विकाराने एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला तथागतांना दिसला. बाकीच्या भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. मग संघाला बोलावून सांगितले, की आपण एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर दुसरे कोण करणार? सामना जिंकल्यावर मिरवणुकीत ज्याला खांद्यावर घेतो, तोच गुडघा धरून घरी पडला की त्याच्याकडे महिनाभर कोणी फिरकत नाही, असे होऊ देऊ नका. त्याच्या घरी जा. एक्स-रेला सोबत जा. ई.एस.आय.चा कागद भरून द्या. तोही संघाचाच खेळ आहे.

पुढच्या सामन्याआधी हे पान मैदानावर मोठ्याने वाचून दाखवा.

जय भीम! नमो बुद्धाय!